कायापालट कोणाच्या जिवावर?

जपानमधील योकोसुका शहरात ओप्पामा येथे निस्सान कंपनीचा मोटारींचा कारखाना १९६१ साली सुरू झाला. कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी तेथे घाम गाळला. विजेवर चालणारी ‘लीफ’ ही मोटार २०१० साली याच कारखान्यातून प्रथम बाहेर पडली. २०२५ च्या जुलैत कंपनीने जाहीर केले की, मार्च २०२८ पर्यंत येथील उत्पादन थांबेल आणि ते क्यूशू बेटावरील कारखान्याकडे जाईल. त्याआधी दोनच महिने कंपनीने ६७,०९० कोटी येनांचा वार्षिक तोटा जाहीर केला होता आणि त्याच वेळी जगभरातील २० हजार माणसे कमी करण्याचा व १७ कारखान्यांचे १० कारखाने करण्याचा बेतही सांगितला होता. या बेताला नाव दिले आहे ‘री:निस्सान’, म्हणजे नव्याने निस्सान.

नव्याने म्हणजे कितव्यांदा, हा प्रश्न विचारणे भाग आहे. १९९९ साली २१ हजार माणसे कमी करायचे ठरले. २००९ साली २० हजार. २०१९ साली १२,५००. आणि २०२५ साली पुन्हा २० हजार. यांपैकी पहिल्या बेताचे अधिकृत नाव ‘पुनरुज्जीवन योजना’ असे होते. जो रोगी दर दहा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो, तो बरा झाला होता असे म्हणता येत नाही. परंतु पहिली शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याची कीर्ती मात्र दिगंत झाली. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून ती कथा एका पिढीला आदर्श म्हणून शिकवली गेली. आपल्याकडील उच्चभ्रू संस्थांनीही ती भक्तिभावाने घोकून घेतली. तेव्हा तिची शहानिशा करणे हे कामगार चळवळीचे कामच आहे.

दोन संस्कृतींची पोथी

ही कथा थोडक्यात अशी सांगितली जाते. जपानी उद्योगाची एक संस्कृती आहे. तिच्यात कंपनी हे कुटुंब असते. नोकरी जन्मभराची असते, पगार ज्येष्ठतेने वाढतो आणि निर्णय सर्वांची संमती घेत, सावकाश होतात. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या जणू पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या जातात. पाश्चात्य उद्योगाची दुसरी संस्कृती आहे. तेथे भागधारक हा देव, नफा हा धर्म आणि झटपट निर्णय हे पौरुष. पहिली संस्कृती मायाळू पण सुस्त. दुसरी निष्ठुर पण कार्यक्षम. डबघाईला आलेली कंपनी वर काढायची तर दोन्ही संस्कृतींची भाषा जाणणारा एक असामान्य नेता लागतो. तो आला की कायापालट होतो.

१९९९ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने ६४,३०० कोटी येन ओतून निस्सानचा ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि कार्लोस घोन यांना तोक्योला पाठवले. जन्म ब्राझीलमध्ये, मूळ लेबनानचे, शिक्षण फ्रान्समध्ये, नोकरी अमेरिकेतही केलेली. पोथीला हवा तसा नायक मिळाला. आदल्या आठ वर्षांपैकी सात वर्षे तोट्यात असलेल्या कंपनीने १९९९-२००० या वर्षी ६८,४४० कोटी येन तोटा दाखवला आणि पुढच्याच वर्षी ३३,११० कोटी येन नफा! जपानमध्ये नायकाच्या जीवनावर चित्रकथादेखील निघाली.

या पोथीत काहीच तथ्य नाही असे नव्हे. निस्सानच्या जुन्या व्यवस्थापनाने कर्जाचा डोंगर उभा केला होता. सुमारे १,४०० कंपन्यांच्या शेअरांत पैसा अडकवून ठेवला होता आणि खपत नाहीत अशा मोटारी वर्षानुवर्षे काढल्या होत्या. हे कोणी नाकारीत नाही. परंतु ‘संस्कृती’ हा शब्द येथे अर्थ उलगडण्यासाठी वापरला जात नसून झाकण्यासाठी वापरला जात आहे. कायापालट म्हणजे वस्तुतः नुकसानीची वाटणी असते. बुडालेला पैसा कोणी तरी सोसायचा असतो. तो कोणी सोसावा, आणि ते कोणी ठरवावे, हाच खरा प्रश्न आहे. संस्कृतीची चर्चा सुरू झाली की हा प्रश्न बैठकीतून हळूच उठून जातो.

कुटुंब कसे जन्मले?

जन्मभराची नोकरी ही जपानची प्राचीन परंपरा आहे, हा समज मुळातच खोटा आहे. महायुद्धानंतर जपानमध्ये लढाऊ कामगार संघटना उभ्या राहिल्या. १९४९ साली अमेरिकन सल्ल्याने आलेल्या काटकसरीच्या धोरणामुळे उद्योगांत सर्रास कपात सुरू झाली. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या कड्यावर उभी होती. बँकांनी कर्ज दिले ते अटी घालून. कामगारांनी संप केला. अखेर सुमारे दोन हजार कामगार घरी गेले आणि संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी अध्यक्षपद सोडले. मालकाने स्वतः पायउतार होणे ही गोष्ट आजच्या मानाने आदरणीयच म्हटली पाहिजे. पण टोयोटाला तारले ते या त्यागाने नव्हे. त्याच महिन्यात कोरियात युद्ध भडकले आणि अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या मागण्या आल्या. पोथीत या युद्धाला जागा नसते.

निस्सानचा इतिहास तर याहून कडवट आहे. १९५३ साली मासुदा तेत्सुओ यांच्या नेतृत्वाखालील संघटना मोडून काढण्याचा चंग व्यवस्थापनाने बांधला. बँकेतून कंपनीत आलेले कावामाता कात्सुजी हे त्या व्यवस्थापनाचे सूत्रधार. ऑगस्टमध्ये टाळेबंदी झाली, मासुदांना अटक झाली, आणि महिना संपण्यापूर्वी कंपनीच्या आशीर्वादाने दुसरी युनियन उभी राहिली. सप्टेंबरअखेर लढा संपला. निस्सानचे ‘कुटुंब’ जन्माला आले ते या पराभवातून. जुनी संघटना गेली आणि तिच्या जागी एक सौदा आला. कायम कामगारांना नोकरीची हमी मिळाली आणि मोबदल्यात संपाचे हत्यार म्यान झाले. पुढे १९७० च्या दशकात न्यायालयांनी कपातीवर कसोट्या घातल्या: कपात खरोखर आवश्यक आहे काय, ती टाळण्याचे प्रयत्न झाले काय, निवड न्याय्य आहे काय, कामगारांशी चर्चा झाली काय. म्हणजे ज्याला संस्कृती म्हणतात तो एका वर्गसंघर्षाचा गोठलेला तह आहे. त्या तहातही कंत्राटी कामगार, हंगामी कामगार, बहुसंख्य स्त्रिया आणि छोट्या पुरवठादारांकडे राबणारे हात कधीच नव्हते. आज जपानमधील एक तृतीयांशाहून अधिक नोकरदार या तहाच्या बाहेर आहेत. कुटुंब म्हणावे, तर ते पंगतीत पान मांडताना निम्म्या माणसांना वगळणारे कुटुंब आहे.

मुरायामाचा ताळेबंद

आता १९९९ च्या योजनेत कोणाच्या वाट्याला काय आले ते पाहू. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला ती जाहीर झाली. २१ हजार नोकऱ्या जाणार होत्या. त्यांतील १६,५०० एकट्या जपानमधील. पाच कारखाने बंद व्हायचे होते. पुरवठादारांची संख्या १,१४५ वरून ६०० किंवा त्याहूनही खाली आणायची होती. जे उरतील त्यांनी तीन वर्षांत किंमत २० टक्के उतरवायची होती. ही किंमत पुरवठादार कोठून उतरवणार? लोखंडाचा भाव त्याच्या हातात नसतो आणि विजेचा दरही नसतो. त्याच्या हातात असतो तो फक्त आपल्या कामगाराचा पगार. निस्सानच्या पुस्तकात ‘खरेदीतील बचत’ म्हणून जी रक्कम झळकली, ती शेकडो लहान कारखान्यांतील मजुरीतून खरवडलेली होती. त्या कामगारांची गणना २१ हजारांत कोठेच नव्हती.

तोक्योच्या पश्चिमेचा मुरायामा कारखाना २००१ साली बंद पडला. कामगारांना रस्त्यावर काढले नाही, बदल्या दिल्या, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे आणि त्याचे श्रेय वर सांगितलेल्या तहाला आहे. परंतु बदली होती तोचिगीला किंवा ओप्पामाला. घर, म्हातारे आईबाप आणि मुलांची शाळा सोडून जायचे, नाही तर नोकरी सोडायची. पुढे कारखान्याची बरीचशी जमीन एका धार्मिक पंथाने विकत घेतली. आणि जे कामगार बिऱ्हाड मोडून ओप्पामाला गेले, त्या ओप्पामाचीच पाळी आता आली आहे.

नफ्याच्या जादूचेही गौडबंगाल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उलगडता येईल. पहिल्या वर्षाच्या अवाढव्य तोट्यात पुनर्रचनेच्या आणि निवृत्तिवेतनाच्या मोठ्या तरतुदी एकरकमी मांडल्या होत्या. खड्डा जितका खोल दाखवावा तितकी पुढची उडी उंच दिसते. कारभार सुधारला हे खरे, कर्ज फिटले हेही खरे; पण बारा महिन्यांत मेलेला जिवंत झाला ही नुसती आतषबाजी होती.

एक बाब मात्र आवर्जून नोंदली पाहिजे. ही योजना नायकाच्या एकट्याच्या डोक्यातून निघाली नव्हती. निस्सानमधल्याच मधल्या फळीतील माणसांची नऊ पथके नेमली गेली आणि कोठे काय चुकते आहे ते त्यांनीच सांगितले. याचा अर्थ ज्ञान कंपनीत होतेच, ते ऐकणारे कान नव्हते. मग निष्कर्ष कोणता निघतो? परदेशी त्राता हवा, हा? की कारखान्यात काम करणाऱ्यांच्या ज्ञानाला हक्काचे व्यासपीठ हवे, हा? पोथी पहिला निष्कर्ष काढते, कारण दुसरा मालकांच्या सोयीचा नाही.

तोच हात, दुसरा देश

संस्कृतीच्या सिद्धान्ताची खरी कसोटी बेल्जियममध्ये लागते. २७ फेब्रुवारी १९९७ रोजी रेनॉने व्हिल्व्होर्डे येथील कारखाना बंद करत असल्याचे अचानक जाहीर केले. सुमारे ३,१०० कामगार त्यात होते. कंपनीचे प्रमुख होते लुई श्वाइत्झर आणि खर्चकपातीचे सूत्रधार होते हेच घोन. म्हणजे जपानी सुस्तीवर औषध म्हणून १९९९ साली जे दिले, तेच दोन वर्षे आधी युरोपच्या मध्यभागी पाजले गेले होते! रोग जर जपानी होता, तर औषध बेल्जियममध्ये कशासाठी?

फरक पडला तो प्रतिकारात. व्हिल्व्होर्डेच्या पाठीशी फ्रान्स आणि स्पेनमधील रेनॉ कामगारांनी काम बंद ठेवले आणि ब्रुसेल्समध्ये प्रचंड मोर्चा निघाला. कामगारांशी आधी सल्लामसलत केली नाही, असा ठपका बेल्जियम आणि फ्रान्समधील न्यायालयांनी कंपनीवर ठेवला. कारखाना वाचला नाही, पण गुपचूप गळा कापणे महाग पडते हे युरोपातील मालकांना कळले. मुरायामात मोठ्या युनियनने संप केला नाही. १९५३ साली मोडलेला कणा पुन्हा सरळ झाला नव्हता. हा संस्कृतीतला फरक नव्हे, संघटनेतला फरक होय.

अमेरिकेकडे पाहावे तर मुक्त बाजाराची संस्कृतीही तितकीच लवचीक निघते. क्रायस्लर बुडू लागली तेव्हा बाजाराचे पुजारी सरकारच्या दारात उभे राहिले. १९७९ साली अमेरिकन काँग्रेसने दीडशे कोटी डॉलरच्या कर्जाला हमी देण्याचा कायदा केला. कामगारांनी पगारवाढ सोडली, सवलती सोडल्या. ली आयकोका यांनी एक वर्ष एक डॉलर पगार घेतला आणि त्याचा उदोउदो जगभर झाला. १९८३ साली कर्जे मुदतीपूर्वी फिटली. १९८६ साली याच आयकोकांची कमाई सुमारे दोन कोटी डॉलर होती. त्या एका डॉलरच्या त्यागावर इतके घसघशीत व्याज क्वचितच कोणाला मिळाले असेल. एक गोष्ट मात्र चांगली घडली: मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर १९८० साली संचालक मंडळावर बसले. पोथीला त्यांची आठवण नसते.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना तर सिद्धान्ताच्या मुळावरच येतो. जनरल मोटर्सने तो १९८२ साली बंद केला. कामगार बेशिस्त, गैरहजर, भांडखोर, असा बोभाटा होता. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बहुतेक कामगार जुनेच घेतले होते, आणि युनियनही तीच होती. थोड्याच दिवसांत त्याची गुणवत्ता टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आली. माणसे अमेरिकन, संस्कृती अमेरिकन, युनियन अमेरिकन. बदलले ते एवढेच की चूक दिसली तर दोरी ओढून पट्टा थांबवण्याचा अधिकार कामगाराला मिळाला आणि कपात हा अखेरचा उपाय राहील असे वचन मिळाले. पुढे २००९ साली जनरल मोटर्सने अंग काढून घेतले, २०१० साली टोयोटानेही कारखाना बंद केला आणि सुमारे ४,७०० कामगार बेकार झाले. त्यांच्या कामात खोट होती असे कोणी म्हणाले नाही. गणित बदलले, एवढेच.

साधू आणि राजा

कोणी म्हणेल, लोभी नायकांचे सोडा, निःस्वार्थी नेताही असू शकतो. जपान एअरलाइन्सचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. १९ जानेवारी २०१० रोजी सुमारे २ लाख ३० हजार कोटी येनांच्या देण्यांखाली ती कंपनी कोसळली. क्योसेराचे संस्थापक काझुओ इनामोरी ७८ व्या वर्षी, एक येनही पगार न घेता, तिचे अध्यक्ष झाले. कंपनी सावरली आणि २०१२ च्या सप्टेंबरात तिचे शेअर पुन्हा बाजारात आले. इनामोरींच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण हिशेब येथेही मांडलाच पाहिजे. सरकारी पाठबळाच्या संस्थेने ३५ हजार कोटी येन घातले. धनकोंनी ५० हजार कोटींहून अधिक येनांवर पाणी सोडले. सुमारे १६ हजार नोकऱ्या गेल्या. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबर २०१० रोजी, १६५ वैमानिक आणि हवाई सेवकांना बडतर्फ करण्यात आले. त्यांना ठेवणे कंपनीला अशक्य नव्हते, असे पुढे खुद्द इनामोरींनीच कबूल केले. संपासाठी मतदान चालू असताना, ‘संपाचा अधिकार स्थापन झाला तर पैसा मिळणार नाही’ अशा आशयाची तंबी युनियनला देण्यात आली होती. ती अनुचित कामगार प्रथा ठरली आणि सर्वोच्च न्यायालयातही तो निर्णय टिकला. बडतर्फी मात्र न्यायालयांनी वैध ठरवली. साधूच्या राज्यातही कामगाराचा हात पिरगाळला जातो, हा यातील धडा. प्रश्न राजाच्या स्वभावाचा नसून राजेशाहीचा आहे.

निस्सानच्या राजाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. जपानमध्ये मोठे पगार जाहीर करण्याची सक्ती २०१० साली झाली तेव्हा घोन यांचे वार्षिक वेतन ८९.१ कोटी येन असल्याचे दिसले. आदल्याच वर्षी २० हजारांच्या कपातीची घोषणा झाली होती. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी, वेतन दडवून दाखवल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि २०१९ संपता संपता ते जामिनावर असताना लेबनानला पळून गेले. आरोप त्यांनी सतत नाकारले आहेत. ते दोषी की निर्दोष हा मुद्दाच नव्हे. एका माणसाच्या हाती निर्विवाद सत्ता सोपवायची, तिला दूरदृष्टी म्हणायचे, आणि वीस वर्षांनी त्याच सत्तेबद्दल आश्चर्य व्यक्त करायचे, हे ढोंग आहे.

मग काय करावे?

समाजवाद्यांना विचारले जाते: जहाज बुडत असेल तर काही जणांना उतरवू नये काय? प्रश्न टाळण्याचे कारण नाही. कधी कारखाने खरोखर जास्त असतात, माल खपत नाही आणि तंत्र जुने होते. प्रत्येक बंद फाटकापुढे ‘काहीही बदलू नका’ अशी घोषणा देणे म्हणजे कार्यक्रम नव्हे. पण मार्ग एकच नसतो. १९९३ साली जर्मनीत फोक्सवॅगनपुढे सुमारे ३० हजार माणसे जादा असल्याचा हिशेब आला. तेथे कायद्याने कामगारांचे प्रतिनिधी देखरेख मंडळावर बसतात. वाटाघाटी झाल्या आणि आठवड्याचे काम २८.८ तासांवर आणले गेले. वार्षिक मिळकत काहीशी घटली, पण कोणाला सक्तीने घरी पाठवले नाही. हाही पश्चिमच आहे. तेथे त्रात्याचे पुतळे उभारले गेले नाहीत, कारण नुकसान कसे वाटायचे हे मताधिकार असलेल्या माणसांनी ठरवले.

हा प्रश्न परक्यांचा समजून दूर ठेवता येणार नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने आपल्याकडे आजारी कंपनीचे भवितव्य वित्तीय धनकोंच्या समितीकडे दिले. त्या समितीत कामगारांना मत नाही. ज्या बँकांनी डोळे मिटून कर्जे दिली त्यांना मत आहे. ज्यांनी तीस वर्षे यंत्र चालवले त्यांना नाही. याच देशात, मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये मालक भावंडांच्या भांडणात बंद पडलेला कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवावा, या योजनेला १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमती दिली होती. काही वर्षांनी तो प्रयोगही अडचणीत आला, हे लपवण्याचे कारण नाही. पण कामगार तेथे मताचा धनी होता. आजच्या संहितेत तो केवळ देणेकऱ्यांच्या यादीतील एक ओळ आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कपातीच्या निर्णयाआधी कंपनीचे हिशेब कामगारांच्या प्रतिनिधींपुढे उघडले जावेत. धनकोंच्या समितीत कामगारांना मताधिकार मिळावा. सार्वजनिक पैसा जेथे जाईल तेथे जनतेचा व कामगारांचा प्रतिनिधी बसावा. लहान पुरवठादारांकडील मजुरी हा योजनेचा उघड भाग असावा, लपलेला नव्हे. आणि नुकसानीचा घोट प्रथम भागधारकाने व व्यवस्थापकाने घ्यावा, मग कामगाराकडे पेला सरकवावा.

ओप्पामाच्या फाटकावर २०२८ साली कुलूप लागेल तेव्हा नव्या नायकाचे चित्र कोठे तरी छापले जाईल, आणि दोन संस्कृतींच्या मिलाफावर पुन्हा व्याख्याने झोडली जातील. त्या वेळी चळवळीच्या कार्यकर्त्याने एकच साधा प्रश्न हातात ठेवावा: पैसे कोणी भरले, आणि त्याला कोणी विचारले होते काय? या प्रश्नाचे उत्तर तोक्योत, पॅरिसमध्ये आणि मुंबईत एकाच भाषेत मिळते.